मे महिन्यातले मोजे

बाबांच्या पायातले मोजे काढायचे तर आधी त्यांना बोलण्यात गुंतवावं लागतं. गावच्या परसातला फणस कापा होता की बरका, हा विषय काढायचा. मी मुद्दाम बरका म्हणते. मग ते उठून बसतात, "कापो गो, कापो! तू खाल्लंस तरी कधी?" असं भांडायला लागतात, आणि तेवढ्यात मी टाचेकडून मोजा हळूच खाली ओढते. दर रविवारी मी मुलुंडहून घाटकोपरला येते, टेकडीच्या पायऱ्या चढते, ती एवढ्यासाठीच. बाकी त्यांचं सगळं दादा आणि वहिनी करतात. मोज्यांना मात्र माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत.

मोजा निघाला की कोमट पाण्याच्या घमेल्यात पाय ठेवायचे. म्हाताऱ्या माणसाची नखं भिजल्याशिवाय ऐकत नाहीत. पाण्यात चिमूटभर मीठ आणि साबणाचा तुकडा. आत वहिनीचे बोंबील तव्यावर पडलेले असतात, त्याचा वास, मिठाच्या पाण्याचा वास आणि कोंदलेल्या मोज्याचा वास, असा आमचा रविवार. पाण्यातून पाय वर आला की ते बोट दिसतं. अंगठ्याच्या शेजारचं, अंगठ्यापेक्षा चांगलं अर्ध्या पेराने लांब. घरात ते दोघांनाच आहे, त्यांना आणि मला. दादाचे पाय आईवर गेले, पावाच्या लादीसारखे, एका ओळीत.

मला बाबांना एकच गोष्ट सांगायची आहे. ह्या बोटाने माझं काही वाईट झालं नाही, आणि माझा तुमच्यावर राग नाही, एवढंच. टेकडी चढताना मी वाक्य जुळवते. वर पोचेपर्यंत धाप लागते, दारात चपला काढताना वाक्याचा अर्धा तुकडा गळतो, आणि त्यांच्यासमोर बसले की उरलेला. लाज वाटते हो. एवढी वर्षं गेली, केस पांढरे झाले, तरी त्या एका गोष्टीचं नाव काढायची आम्हा दोघांनाही लाज वाटते. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. कधी मला आईच्या नावाने हाक मारतात. सांगायचं तर लवकर सांगायला हवं.

लहानपणी ह्याच बोटाची कोण मिजास होती. रविवारी सकाळी बाबा कामावरची पँट खुंटीला लावून लुंगीवर बसायचे, पाय लांब करायचे आणि मला समोर बसवायचे. तळव्याला तळवा. "बघूया, म्हशीन किती वाढली ती." त्यांच्या टाचेशी माझी टाच लावली की माझं बोट त्यांच्या तळव्याच्या मध्यावर यायचं. पुढच्या वर्षी थोडं वर. पुढच्या वर्षी आणखी. आई स्टोव्हला पंप मारता मारता म्हणायची, "बापाशीचा नाक घेतला असता तर काय झाला असता? घेतला काय, तर बोट." बाबांना ते फार आवडायचं.

स्लिपर घेताना पंचाईत व्हायची. मापाची घेतली की बोट पुढे जमिनीला टेकायचं, एक नंबर मोठी घेतली की टाच मागे फटाक फटाक वाजायची. टेकडीवरच्या पायऱ्या एकसारख्या कधीच नव्हत्या, कुणी सिमेंट टाकलेलं, कुणी नुसता दगड बसवलेला. सगळ्यांना ठेच अंगठ्याला लागायची, मला ह्या बोटाला. नख काळंनिळं होऊन महिनाभर लटकत राहायचं. आई तेल-हळद कोमट करून लावायची, जुन्या साडीची चिंधी बांधायची, आणि सगळी शाळा मला चिंधीवाली म्हणायची. शाळेत बाई अंगठे धरून उभं करायच्या. मी वाकले की हाताला आधी तेच बोट लागायचं, तेच धरून मी उभी. "अंगठा म्हटलं ना, अंगठा," असं म्हणत बाई पट्टी मारायच्या. तेव्हाही मला लाज अशी वाटली नव्हती. हसूच यायचं.

ठिक्कर खेळताना तर मी राणी. फरशीचा तुकडा लंगडी घालत एका घरातून दुसऱ्या घरात सरकवायचा, रेषेवर पडला तर बाद. बाकीच्या पोरी अख्ख्या चवड्याने ढकलायच्या, मी बोटाच्या टोकाने. तुकडा हवा तिथे थांबायचा. हे बाबांनी दारातून बघितलं असणार. कारण एके दिवशी त्यांनी माझा हात धरून मला खाली मैदानात नेलं आणि मंडळाच्या मुलींच्या कबड्डीत उभं केलं.

आता तिथे पेव्हर ब्लॉक आहेत आणि गाड्या लागतात. पण मला आजही तिथून जाताना आधी माती दिसते. चाळून घातलेली लाल माती, संध्याकाळी पाणी मारलेलं, आणि त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा. ओली माती आणि फक्की ह्यांचा मिळून एक वास असायचा, जरासा तिखट, नाकात बसणारा. अनवाणी पाय त्या मातीत पडला की बोटांच्या मधून गारवा वर यायचा. घरी गेल्यावर आई उंबऱ्याबाहेरच पायांवर पाणी ओतायची, आणि तरीही लादीवर माझी लाल पावलं उमटायचीच. अजूनही मुली खेळतात, मुलुंडला आमच्या सोसायटीजवळ सराव असतो त्यांचा. मॅटवर, बूट घालून. छान खेळतात. पण बोटांचं काम आता बुटाच्या आत चालतं, कुणाला दिसत नाही.

माझी चढाई एकच होती. दम घ्यायचा, समोरच्यांच्या अंगणातल्या निदान रेषेपर्यंत जायचं, समोरच्या मुली मागे सरकल्या की परत फिरल्यासारखं करायचं, पाठ दाखवायची, आणि मग मागचा पाय जमिनीलगत सोडायचा. कुणाच्या तरी टाचेला, घोट्याला बोट लागायचं. त्या पोरीचा अंदाज अर्ध्या पेराने चुकायचा, बस. दोरीपलीकडून बाबांचा आवाज यायचा, "बोट सोड गो, बोट!" कामावरून थेट मैदानात आलेले असायचे, डबा अजून काखेत. गिरणी बंद झाल्यावर ते विक्रोळीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. तिथे दिवसभर गप्प असायचे म्हणे. मैदानात मात्र शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे, "माझी चेडू ती. बोट बघितलंत तिचं?"

एकदा विक्रोळीच्या एका संघाशी सामना होता. शेवटची मिनिटं, आम्ही एका गुणाने पुढे. त्यांची मुलगी चढाईला आली आणि जाता जाता तिचा अंगठा माझ्या घोट्याला लागला. अगदी पिसासारखा. तिलाही कळलं नसावं. मी पंचांकडे बघितलं, ते घड्याळाकडे बघत होते. मी शैलाकडे बघितलं, ती आमची कॅप्टन, ती डोळ्यांनीच म्हणाली, गप्प उभी राहा. मग मी दोरीपलीकडे बघितलं.  बाबांनी आपला उजवा हात खांद्यापर्यंत वर केला आणि तसाच धरला. मग मीही हात वर केला आणि बाहेर गेले. मातीतल्या खेळात ही रीत होती, लागलं की ज्याला लागलं त्याने हात वर करायचा. सामना आम्ही हरलो. शैला पायऱ्या चढेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बाबा मात्र घरी येताना वडापाव घेऊन आले आणि म्हणाले, "पंचान बघूक नाय, पन तुका म्हायत आसा मा? मगे हात वर." वडापाव खाताना मला वाटलं, हा माणूस कधी खोटं बोलू शकणार नाही.

आणि मग तो मे महिना. मला बघायला यायचे होते. आमची खोली वरच्या टोकाला, डोक्यावर पत्रा, दुपारी आत बसणं म्हणजे भट्टीत बसणं. आईने लादी दोनदा पुसली, शेजारून खुर्च्या आणल्या, पोहे भिजवले. मी साडी सावरत होते आणि बघते तर बाबा खाटेवर बसून पायात मोजे चढवतायत. चॉकलेटी, नायलॉनचे, कारखान्यात कधीतरी मिळालेले, घडी न मोडलेले. मला आतून हसू फुटलं. म्हटलं, पाहुण्यांवर छाप पाडायची हौस आली वाटतं म्हाताऱ्याला. आईला खूण केली, बघ म्हणून. आई हसली नाही. ती पोह्यांवर खोबरं पेरत राहिली.

मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या असे आले. मुलगा खाली मान घालून पोहे खात होता, आजही तसाच खातो. आत्याबाई बोलायला गोड होत्या. "चालून दाखव गं बाळा, दारापर्यंत," म्हणाल्या. मी चालले. "ये, नमस्कार कर." मी वाकले. आणि वाकलेली असतानाच त्यांनी माझ्या साडीची कड दोन बोटांनी जराशी वर केली, दुकानात कापड बघतात तशी. "बोट लांब आहे हो," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, वाईटही बोलल्या नाहीत. नुसतं भावाकडे बघितलं. आमच्यात म्हणतात, अंगठ्याच्या पुढे जिचं बोट, ती नवऱ्याला भारी. काही जण ह्याहून वाईट म्हणतात, तिचा नवरा टिकत नाही म्हणतात. हे मी ऐकलेलं होतं, पण तोवर ते माझ्या बोटाबद्दल आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

पंख्याचा आवाज येत होता. मी बाबांकडे बघितलं, आता ते काहीतरी सांगतील म्हणून, बोट बघितलंत तिचं, म्हणून. बाबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते. ते मोज्यातले पाय बघितले तेव्हा मला कळलं. छाप पाडायला नव्हते ते मोजे. बोट कुठून आलं, ते कुणाला दिसू नये म्हणून होते.

"जन्माचं नाही हो ते," बाबा म्हणाले. पाहुण्यांशी बोलायची ती शुद्ध भाषा. "खेळात ओढलं गेलंय. कबड्डी खेळते ना."

"हां, मग ठीक," आत्याबाई हसल्या. "पण मग आता खेळ बंद ना?"

बाबा म्हणाले, "बंदच."

मी खाली मान घालून उभी होते. तेच बोट शहाबादी लादीच्या फटीत घालून खरवडत होते, फटीतली माती नखात जात होती. पाहुण्यांना ते लाजणं वाटलं असणार, मुलगी लाजते म्हणून बरं वाटलं असणार. तसं ते लाजणं नव्हतंच. मला बोटाची लाज वाटत होती, तीही पहिल्यांदाच. आणि बाबांची वाटत होती. आणि ते इतके घामाघूम झाले होते, कपाळावरून धार लागली होती, तर त्यांची दयाही येत होती, आणि दया येते म्हणून पुन्हा लाज.

लग्न ठरलं. पुढच्या रविवारी शैला बोलवायला आली, सामना होता. बाबा दारात उभे राहून तिला म्हणाले, "तिच्या बोटाला दुखापत झालीय." शैलाने माझ्या पायाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि गेली. त्या दिवसापासून बाबाही मैदानात गेले नाहीत. रविवारची सकाळही संपली. कामावरून आले की ते पाय पोटाशी घेऊन बसायचे, पुढे घरातही मोजे घालायला लागले.

लग्नात त्याच बोटात जोडवं आलं. नेहमीच्या मापाचं जाईना, कासाराने वाकवून वाकवून बसवलं, आणि चांदी घातल्यावर तर ते बोट आणखीच नजरेत भरायला लागलं. सासरी वाईट कुणीच नव्हतं. तरी ह्यांना साधा ताप आला तरी मी आधी पायाकडे बघायचे. हळदीकुंकवाला पाय साडीत घेऊन बसायचे. बाहेर जाताना ते कातडीच्या रंगाचे, अंगठा वेगळा असलेले मोजे घालायला लागले, उन्हाळ्यातही. मुलगा झाला तेव्हा बायका त्याचं नाक कुणावर गेलं बघत होत्या, मी दुपटं बाजूला करून त्याची बोटं बघितली. ह्यांच्यावर गेली होती. हायसं वाटलं. हायसं वाटलं ह्याची नंतर रात्रंदिवस लाज वाटली. परवा सूनबाई हौसेने पार्लरमध्ये घेऊन गेली, तिथली पोरगी माझा पाय हातात घेऊन सारखी म्हणत होती, "आंटी, ढीला छोडो ना." मला काही सोडता आला नाही.

ह्यांचं म्हणाल तर ते ठणठणीत आहेत. साखर आहे, तरी लाडू चोरून खातात. आत्याबाई जाऊनही खूप वर्षं झाली. माझं बोट लांब आहे हे ह्यांना माहीत तरी आहे का, हे मी कधी विचारलं नाही.

ह्या रविवारी दादा-वहिनी एका लग्नाला गेले होते, म्हणून हे माझ्याबरोबर आले. ह्यांना आत चहा ठेवायला लावलं आणि मी घमेलं घेऊन बसले. फणसाचं भांडण झालं. मोजे निघाले, ते धुऊन मी खिडकीतल्या दांडीवर टाकले. बाबांचे पाय पाण्यात बघता बघता मला काय वाटलं कोण जाणे, मी माझेही मोजे काढले. त्यांचे पाय पुसून खाटेवर लांब केले, कडेला त्यांच्यासमोर बसले आणि माझी टाच त्यांच्या टाचेशी लावली. त्यांचे पाय आता आक्रसलेत. माझं बोट त्यांच्या बोटाच्या बरोबरीने आलं, अगदी शेजारी शेजारी.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय."

तेवढ्यात हे चहाचे कप घेऊन बाहेर आले. आमच्या पायांकडे बघून थांबले. "अरे वा," म्हणाले, "हे तर डिट्टो सेम आहे की. ह्याच्याआधी कधी लक्षात नाही आलं."

बाबांचा हात चादर शोधायला लागला. चादर खाली पडली होती. माझीही बोटं आपोआप आत वळली. बाबांनी ह्यांच्याकडे बघितलं, मान सरळ केली, आणि त्या पाहुण्यांच्या भाषेत म्हणाले, "जन्माचं नाही हो ते, जावईबापू. खेळात ओढलं गेलंय."

"कुणाचं?" हे म्हणाले. "तुमचं?"

 बाबांना नक्की कोणता दिवस वाटत होता कुणास ठाऊक.  मग मी पाय सोडला. त्यांनीच शिकवला होता तसा, अगदी लागला न लागलासा. माझं बोट त्यांच्या बोटाला टेकलं.

बाबांनी खाली बघितलं.  आणि मग त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत वर केला आणि तसाच धरला.

"काय हवंय त्यांना?" ह्यांनी विचारलं. "पंखा वाढवू का?"

"काही नको," मी म्हटलं. बाबा हात खाली घेत नव्हते. मी तो धरला आणि म्हटलं, "बघितलं बाबा. मी बघितलं."

नंतर चहा झाला, नखं कापून झाली. ऊन उतरलं तेव्हा दादा-वहिनी आले आणि आम्ही निघालो. बाबांचे मोजे दांडीवर वाळून कडक झाले होते, त्यांनी काही ते मागितले नाहीत. उघडे पाय समोर सोडून खाटेवर बसले होते, जावयासमोर. मी मात्र उठल्या उठल्या माझे मोजे शोधले, उंबऱ्यावर बसले आणि घालायला लागले. सवयच ती. वर बघितलं तर बाबा माझ्या पायांकडे बघत होते.

"ऱ्हवांदे गो," ते म्हणाले.

एक मोजा घालून झाला होता. दुसरा तसाच हातात राहिला.